बँकेने खात्यातून पैसे कापले आणि तक्रारीला उत्तरही देत नाही? पैसे परत कसे मागायचे, समजून घ्या

ऑगस्ट २०२४ मध्ये 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेचे पहिले दोन हप्ते महिलांच्या खात्यात जमा झाले. प्रत्येकी १,५०० प्रमाणे ३,००० रुपये. मेसेज आला, बायका बँकेत गेल्या आणि काही जणींच्या लक्षात आलं की हातात पूर्ण रक्कम पडतच नाहीये. खातं कित्येक महिने रिकामं होतं, त्या काळातलं मिनिमम बॅलन्सचं शुल्क बँकेने मागे लिहून ठेवलं होतं, आणि पैसे येताच ते वळतं करून घेतलं. राज्यभरातून तक्रारी आल्या, तेव्हा हे पैसे कापू नका असं सरकारला बँकांना सांगावं लागलं.

योजनेची बातमी झाली म्हणून निदान सरकारने लक्ष घातलं. एरवी अशी कपात रोजच होत असते. कुणाची स्कॉलरशिप, कुणाचं पेन्शन, कुणाचा पहिला पगार. रक्कम दोनशे-चारशेची असते. शाखेत दोन चकरा मारल्या की रिक्षाचंच भाडं तेवढं होतं, म्हणून बहुतेक जण 'जाऊ दे' म्हणतात.

हे 'जाऊ दे' किती मोठं असतं, त्याचं एक उदाहरण पाहा. आयआयटी मुंबईतले प्राध्यापक आशिष दास यांनी जनधनसारख्या साध्या खात्यांवरच्या शुल्कांचा अभ्यास केला. महिन्यात चारपेक्षा जास्त व्यवहार झाले की स्टेट बँक पुढच्या प्रत्येक व्यवहाराला १७ रुपये ७० पैसे कापत होती, म्हणजे १५ रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी. यूपीआयने ५० रुपयांची भाजी घेतली तरी १७.७०. त्यांच्या अहवालानुसार एप्रिल २०१७ पासून अशा डिजिटल व्यवहारांवर सुमारे २५४ कोटी रुपये गोळा झाले. ऑगस्ट २०२० मध्ये प्रत्यक्ष कर मंडळाने १ जानेवारी २०२० नंतर घेतलेलं शुल्क परत करायला सांगितलं, त्यानंतर साधारण ९० कोटी परत गेले. उरलेले १६४ कोटी परत गेले नव्हते. १७.७० रुपयांसाठी भांडायला कोण जाणार?

तरीही मागितलं तर पैसे मिळू शकतात. त्यासाठी दोन गोष्टी कळायला हव्यात. बँकेने नेमका कोणता नियम मोडला आणि तुमच्या तक्रारीचं घड्याळ कधी सुरू झालं.

'शुल्क जास्त आहे' ही तक्रार का टिकत नाही?

बचत खात्यात किती शिल्लक हवी, चेकबुकला किती घ्यायचे, डेबिट कार्डाचं वार्षिक शुल्क किती, हे ठरवायची मोकळीक रिझर्व्ह बँकेने बँकांना बऱ्याच अंशी दिली आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आयसीआयसीआय बँकेने शहरांतल्या नव्या खात्यांसाठी किमान सरासरी शिल्लक एकदम ५०,००० रुपये केली होती. ओरड झाल्यावर ती १५,००० वर आणली. पण ५०,००० ठेवणं बेकायदा नव्हतं.

त्यामुळे 'एवढे पैसे घेणं अन्याय आहे' असं लिहिलं, की 'आमच्या दरपत्रकानुसार शुल्क आकारले आहे' असं एका ओळीचं उत्तर येतं आणि विषय संपतो. व्यावसायिक निर्णयाविरुद्धची तक्रार लोकपालही ऐकत नाहीत. मात्र शुल्क घेण्याआधी बँकेने काय करायला हवं, याच्या अटी आहेत. त्यातली एखादी पाळली नसेल, तर तुमचा मुद्दा भक्कम होतो. म्हणून आधी पासबुक किंवा स्टेटमेंट घ्या आणि ओळीसमोर काय लिहिलंय ते वाचा. 'एमएबी' किंवा 'क्यूएबी' असेल तर ते सरासरी शिल्लक कमी पडल्याचं शुल्क. 'नॅच रिटर्न' असेल तर हप्ता बाउन्स झाल्याचं. काही समजलं नाही तर बँकेला पहिला प्रश्न तोच विचारा. कशाचे पैसे घेतले, हे सांगणं त्यांचं काम आहे.

मिनिमम बॅलन्स: सगळ्यात जास्त कपात इथे होते

रिझर्व्ह बँकेने २० नोव्हेंबर २०१४ ला याबद्दल परिपत्रक काढलं, ते १ एप्रिल २०१५ पासून लागू झालं. शिल्लक कमी पडली की बँकेने ग्राहकाला एसएमएस, ईमेल किंवा पत्राने कळवायचं. कळवल्याच्या तारखेपासून एक महिन्यात शिल्लक भरली नाही, तरच दंड लागू होईल असं त्यात सांगायचं. महिना जाऊ द्यायचा. मगच दंड.

दंड किती, याचंही सूत्र आहे. जेवढी रक्कम कमी पडली, तिच्या ठरावीक टक्के. समजा ५,००० ठेवायचे होते, तुमची सरासरी ३,८०० भरली, तर कमी पडले १,२००. बँकेचा दर ६ टक्के असेल तर दंड ७२ रुपये, जीएसटी धरून ८४.९६. अशा वेळी सरसकट ३०० रुपये कापलेले दिसले, तर हिशोब मागायला जागा आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाची अट: फक्त या दंडामुळे बचत खातं उणे होता कामा नये. खात्यात ४० रुपये असतील तर दंडापोटी उणे २६० दाखवता येत नाही.

आता 'सरासरी' या शब्दाकडे जरा नीट पाहा, कारण अर्ध्या लोकांची चूक इथेच होते. रोज दिवसअखेर असलेली शिल्लक मिळवायची आणि महिन्याच्या दिवसांनी भागायची. त्यामुळे ३० दिवसांच्या महिन्यात एकच दिवस दीड लाख रुपये राहिले आणि बाकी २९ दिवस खातं कोरडं असलं, तरी सरासरी ५,००० भरते. उलट, २९ तारखेला घाईघाईने ५,००० भरले तर सरासरी साडेतीनशेच्याही पुढे जात नाही. भांडायला जाण्याआधी हे गणित स्वतः करा. चूक आपलीच निघाली तर निदान चक्कर वाचेल.

काही खात्यांवर हा दंड लागतच नाही. जनधन आणि इतर 'बेसिक सेव्हिंग्ज' खात्यांना मिनिमम बॅलन्सची अटच नसते. दोन वर्षांहून जास्त काळ व्यवहार नसल्यामुळे निष्क्रिय झालेल्या खात्यावरही हा दंड घेता येत नाही, आणि ते पुन्हा सुरू करायलाही शुल्क नाही. स्कॉलरशिपसाठी किंवा सरकारी योजनेचे पैसे थेट जमा होण्यासाठी उघडलेलं शून्य शिल्लक खातं तर व्यवहार नाहीत म्हणून निष्क्रिय ठरवायचंच नाही, असं रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२४ च्या परिपत्रकात सांगितलं आहे.

फसतं कोण? तर नोकरी बदललेला माणूस. पगार येणं थांबलं की सॅलरी खातं काही महिन्यांनी साधं बचत खातं होतं, शून्य शिल्लकेची सवलत जाते आणि दंड सुरू होतो. इथे एकच विचारायचं: खात्याचा प्रकार बदलल्याचं मला कधी आणि कसं कळवलं? 'एसएमएस पाठवला होता' असं उत्तर आलं तर तारीख आणि मोबाइल नंबर मागा. तुम्हीच नंबर बदलून बँकेत कळवला नसेल, तर मात्र बाजू लंगडी पडते.

बऱ्याच सरकारी बँकांनी आता हा दंडच काढून टाकला आहे. स्टेट बँकेने मार्च २०२० मध्ये, कॅनरा बँकेने १ जून २०२५ पासून, त्यानंतरच्या काही आठवड्यांत पंजाब नॅशनल, इंडियन बँक आणि बँक ऑफ बडोदानेही. दंड अजून घेणाऱ्या बँकेत तुमचं खातं असेल आणि शिल्लक ठेवणं जमणार नसेल, तर ते 'बेसिक सेव्हिंग्ज'मध्ये बदलून मागता येतं. अट एवढीच की त्याच बँकेत दुसरं बचत खातं नको.

एटीएममधून पैसे आले नाहीत, खात्यातून मात्र गेले

हे शुल्क नाही, पण उशिराचं सगळ्यात स्पष्ट दरपत्रक इथेच आहे आणि ते फार कमी लोकांना माहीत असतं. २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार एटीएमचा व्यवहार फसला, तर पाच दिवसांच्या आत पैसे परत यायला हवेत. नंतरच्या प्रत्येक दिवसाला बँकेने तुम्हाला १०० रुपये द्यायचे. यूपीआयने एखाद्याला पाठवलेले पैसे अडकले तर मुदत एकच दिवस, दुकानदाराला पाठवले असतील तर पाच.

उदाहरणार्थ, ३ तारखेला एटीएममध्ये व्यवहार फसला. मुदत ८ तारखेपर्यंत. पैसे २० तारखेला आले, तर १२ दिवसांचे १,२०० रुपये तुमचे. हे तक्रार न करताही आपोआप जमा व्हायला हवेत. प्रत्यक्षात मूळ रक्कम आली की लोक सुटकेचा निःश्वास टाकतात आणि भरपाईचं विसरतात. पैसे दुसऱ्या बँकेच्या एटीएममध्ये अडकले असले, तरी तक्रार आपल्या बँकेकडेच करायची. शाखेत 'त्या बँकेला विचारा' असं सांगितलं, तर तिथून हलू नका.

कर्ज आणि कार्डांबाबतही असेच दर ठरलेले आहेत. कर्ज पूर्ण फेडल्यावर घराची मूळ कागदपत्रं ३० दिवसांत मिळाली नाहीत, तर १ डिसेंबर २०२३ पासून दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. बाकी नसलेलं क्रेडिट कार्ड बंद करायचा अर्ज सात कामाच्या दिवसांत निकाली निघाला नाही, तर दिवसाला ५००. व्यक्तीने घेतलेलं बदलत्या व्याजदराचं गृहकर्ज मुदतीआधी फेडलं म्हणून दंड लावता येत नाही, आणि हा नियम २०१२ पासून आहे.

तक्रार लेखी करा, तीही पहिल्याच दिवशी

काउंटरवर झालेलं बोलणं म्हणजे तक्रार नव्हे. 'साहेब सुट्टीवर आहेत, सोमवारी या' हेही उत्तर नव्हे. बँकेच्या ॲपवर, वेबसाइटवर किंवा ईमेलने तक्रार करा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. शाखेत कागद देणार असाल तर दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर तारखेसह सही-शिक्का घ्या. शिक्का द्यायला टाळाटाळ झाली तर तेच पत्र पोस्टाच्या पोचपावतीने पाठवा. पत्र लांबलचक नको. असं पुरे:

'विषय: बचत खात्यातून कापलेले शुल्क परत मिळण्याबाबत.
माझ्या खात्यातून (शेवटचे चार अंक …) दिनांक … रोजी … रुपये किमान शिल्लक शुल्क म्हणून कापले आहेत. शिल्लक कमी असल्याची आणि एक महिन्याच्या मुदतीची सूचना मला मिळालेली नाही. कृपया (१) सूचना कोणत्या तारखेला व कोणत्या क्रमांकावर पाठवली, (२) शुल्काचा हिशोब कसा केला, हे कळवावे. सूचना दिली नसल्यास रिझर्व्ह बँकेच्या २० नोव्हेंबर २०१४ च्या परिपत्रकानुसार शुल्क जीएसटीसह परत जमा करावे. ३० दिवसांत उत्तर न मिळाल्यास मी रिझर्व्ह बँक लोकपालांकडे तक्रार करीन.'

रागाचं एकही वाक्य त्यात नाही, हे मुद्दाम. हे पत्र पुढे तिसरा माणूस वाचणार आहे आणि त्याला तारीख, रक्कम, नियम एवढंच हवं असतं. जीएसटीचा उल्लेख विसरू नका. तोही तुमच्याच खात्यातून गेलेला असतो.

उत्तर आलंच नाही तर?

तक्रार केली त्या दिवसापासून ३० दिवस मोजा. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या एकात्मिक लोकपाल योजनेनुसार बँकेने तक्रार फेटाळली, अर्धवट उत्तर दिलं किंवा ३० दिवस काहीच कळवलं नाही, तर तुम्ही लोकपालांकडे जाऊ शकता. बँकेचं गप्प बसणं तुमच्या विरोधात जात नाही. ३१ व्या दिवशी तीच तुमची पात्रता होते.

इथे एक मेख आहे. दहा-बारा दिवसांनी 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे' असा मेसेज येतो, प्रत्यक्षात काहीच झालेलं नसतं. आपण चिडून नवी तक्रार टाकतो, नवा क्रमांक मिळतो आणि मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते. असं तीनदा झालं की माणूस दमतो. नवी तक्रार टाकू नका. त्या 'निकाली'च्या मेसेजचा स्क्रीनशॉट घ्या, जुना क्रमांक देऊन 'समाधान झालेलं नाही, तक्रार पुन्हा उघडा' असं लिहा, आणि तारीख पहिल्या तक्रारीचीच धरा.

दुसरं म्हणजे मोठ्या बँकांमध्ये 'अंतर्गत लोकपाल' असतो. तक्रार पूर्ण किंवा अंशतः फेटाळायची असेल, तर ग्राहकाला कळवण्याआधी बँकेने ती त्याच्याकडे पाठवायची असते. त्यामुळे नकार आला की एका ओळीचा ईमेल करा: 'हा निर्णय अंतर्गत लोकपालांनी तपासला आहे का?' कॉल सेंटरच्या छापील उत्तरामागे जाण्याचा हा चांगला रस्ता आहे.

लोकपालांकडे जाताना

रिझर्व्ह बँकेच्या 'सीएमएस' पोर्टलवर (सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन) तक्रार करता येते. शुल्क नाही, वकील लागत नाही. ऑनलाइन जमत नसेल तर चंदीगडच्या सेक्टर १७ मधल्या रिझर्व्ह बँकेच्या तक्रार केंद्राकडे पत्र पाठवता येतं, मराठीतही चालतं. १४४४८ या टोल-फ्री नंबरवर मराठीत माहिती मिळते.

तक्रारी परत येण्याची कारणं ठरलेली आहेत. आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली नसते, ३० दिवस व्हायच्या आत अर्ज टाकलेला असतो, किंवा तेच प्रकरण कोर्टात किंवा ग्राहक आयोगात चालू असतं. बँकेला लिहिलेल्या ईमेलमध्ये रिझर्व्ह बँकेला नुसतं 'सीसी'त ठेवणं, ही लोकपालांकडे केलेली तक्रार धरली जात नाही. ट्विटरवर टॅग करणं तर नाहीच. २०२१ च्या योजनेत बँकेचं उत्तर आल्यापासून एक वर्षापर्यंत अर्ज करता येतो, पण अशा योजनांच्या मुदती सुधारल्या जातात, म्हणून शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका.

तक्रार दाखल झाली की लोकपाल बँकेकडून लेखी म्हणणं मागवतात आणि आधी तडजोडीचा प्रयत्न होतो. शाखेत महिनाभर न सुटलेली दोनशे रुपयांची गोष्ट या टप्प्यावर पटकन सुटू शकते, कारण आता फाइल शाखेच्या हातात नसते. तडजोड झाली नाही तर लोकपाल निवाडा देऊ शकतात. नुकसानभरपाईशिवाय वेळ, खर्च आणि मनस्तापापोटी २०२१ च्या योजनेत वेगळी एक लाख रुपयांपर्यंतची तरतूद आहे. मागायची असेल तर अर्जातच तसं लिहा. निवाडा तुमच्या बाजूने लागला तर ३० दिवसांत स्वीकृतीचं पत्र द्यायला विसरू नका, नाहीतर तो रद्द होतो.

जिल्हा बँक, पतसंस्था यांचं काय?

१ नोव्हेंबर २०२५ पासून राज्य सहकारी आणि जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकाही लोकपालांच्या कक्षेत आल्या आहेत. पीकविम्याचे, अनुदानाचे पैसे ज्यांचे जिल्हा बँकेत येतात, त्यांच्यासाठी हा मोठा बदल आहे. गावातली पतसंस्था मात्र बँक नाही. तिच्याविरुद्धची तक्रार सहकार खात्याकडे, म्हणजे तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे किंवा जिल्हा उपनिबंधकांकडे करायची.

लोकपालांचा रस्ता घ्यायचा नसेल तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणात तिथे फी नाही, मुदत दोन वर्षांची. वेळ मात्र जास्त जातो, त्यामुळे नुसत्या शुल्कासाठी मी आधी लोकपालांकडेच जाईन.

सोशल मीडियावर लिहिताना सांभाळा

बँकेला टॅग करून पोस्ट टाकली की कधीकधी खरंच फोन येतो. पण त्याआधी बँकेसारखंच नाव आणि लोगो असलेल्या एखाद्या हँडलवरून उत्तर येऊ शकतं: 'सर, आपला नंबर डीएम करा.' पाठोपाठ एक लिंक, एक ॲप, 'रिफंडसाठी दहा रुपये पाठवा'. शुल्काचे तीनशे परत मिळवायला निघालेला माणूस खातं रिकामं करून बसतो, तो इथे. पोस्टमध्ये खाते क्रमांक, मोबाइल नंबर किंवा पासबुकाचा फोटो टाकू नका. फक्त तक्रार क्रमांक लिहा, खऱ्या बँकेला तेवढ्यावर तुमची तक्रार सापडते. कस्टमर केअरचा नंबर सर्चमध्ये शोधू नका, कार्डाच्या मागचा किंवा पासबुकावरचा वापरा. पैसे परत घेण्यासाठी यूपीआय पिन टाकावा लागत नाही. कुणी टाकायला सांगितला तर तिथेच फोन ठेवा. त्याआधीच पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनला आणि आपल्या बँकेला कळवा.